शेरखान ओरडत नाही

एका तरुण मुलीचा प्रश्न आला आहे. ती आणि तिचे दोन मित्र मिळून सहा मिनिटांची मराठी ॲनिमेशन फिल्म करताहेत. नागपूरच्या इतवारीच्या धान्यबाजारातले उंदीर आणि त्यांच्यावर दादागिरी करणारा एक बोका, अशी गोष्ट. बोक्याला काळाकुट्ट रंग दिला, डोळ्यावर जखमेची खूण दिली, गडगडाटी हसू दिलं. तरी शाळेत पोरांना दाखवली तर पोरं घाबरली नाहीत, हसलीही नाहीत. आपसात बोलायला लागली. त्याच पोरांना नंतर डिस्नेच्या जुन्या 'जंगल बुक'मधला शेरखान दाखवला, तर सगळी चिडीचूप. "जवळपास साठ वर्षांपूर्वीच्या त्या वाघात असं काय आहे जे आमच्या बोक्यात नाही?" असं तिचं विचारणं.

तुमच्या बोक्याची सहा मिनिटं मी दोनदा पाहिली. चित्रं चांगली आहेत. पोत्यांच्या थप्प्या, तराजूच्या साखळ्या, हमालांची ये-जा, सगळं झकास. पण बोका अकराव्या सेकंदाला पडद्यावर येतो आणि आल्या आल्या ओरडतो. तिथेच माशी शिंकली.

मी हे काम अठ्ठावीस वर्षं करतोय. सुरुवात मुंबईतल्या एका स्टुडिओत इनबिटविनर म्हणून झाली, म्हणजे वरिष्ठांनी काढलेल्या दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरून काढणारा मजूर. मग नागपूरला परतलो. आता धरमपेठेत दोन खोल्यांत पोट्ट्यांना पात्र कसं उभं करायचं ते शिकवतो. शेरखान इतक्यांदा आणि इतका थांबवून थांबवून पाहिलाय की उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

शेरखान एकच नाही, हे आधी ध्यानात घ्या. रुडयार्ड किपलिंगचं 'द जंगल बुक' हे पुस्तक १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. डिस्नेचा चित्रपट १९६७ चा. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची बावन्न भागांची मालिका १९८९ मध्ये सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. रविवारी सकाळी तेवढा वेळ आमच्या गल्लीतलं क्रिकेट बंद असायचं. मी तेव्हा बारावीत होतो, लहान भावाला सोबत म्हणून बसतोय असं घरी सांगायचो. मग २०१६ चा, संगणकावर घडवलेला. मधे डिस्नेनेच नव्वदच्या दशकात त्याला कोट-टाय घालून विमानांच्या एका मालिकेत बडा उद्योगपती केला होता, तोही आपण दूरदर्शनवर पाहिला. चेहरे वेगळे, काळ वेगळे. पण प्रत्येक वेळी बघणाऱ्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच आहे, आणि ती ताकद नाही. ताकद काय, प्रत्येक वाघाला असते. त्याच्यात एक खोट आहे आणि ती झाकण्यासाठी तो ऐटीत वागतो. ही ऐट आपल्याला आवडते आणि ती खोट आपल्याला ठाऊक असते. या दोन्हींच्या मधल्या जागेत शेरखान राहतो.

ती खोट मूळ पुस्तकात अगदी उघड आहे. तो जन्मापासून एका पायाने लंगडा. त्याची आईच त्याला 'लंगडी' म्हणायची, तेही आपल्याकडचाच शब्द वापरून. आपल्याकडचा म्हणजे खरंच आपल्याकडचा. गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरात. नागपूरहून चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालात तर सिवनी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आणि शेरखानचा मूळ मुलूख पुस्तकात कुठला सांगितलाय? वैनगंगेकाठचा. तीच वैनगंगा, जी सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटवरून आपल्या भंडाऱ्यात उतरते. त्यामुळे जगभर गाजलेला हा व्हिलन विदर्भाचा शेजारी आहे. आपण मात्र त्याला परदेशी समजून बसतो.

आता त्याची एंट्री बघा. पुस्तकात शेरखान दिसण्याआधी त्याच्याबद्दल तक्रार येते. तबाकी नावाचा उष्टं खाणारा कोल्हा लांडग्यांना येऊन सांगतो की शेरखानने शिकारीची जागा बदलली आहे. लांडगा चिडतो, कारण आधी न कळवता असं मुलूख बदलणं जंगलाच्या कायद्यात बसत नाही. मग रात्री त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो विजयाचा नसतो. हा गडी लाकूडतोड्यांच्या शेकोटीवर झेप घेऊन पाय भाजून घेतो आणि विव्हळतो. पहिल्याच रात्री फजिती! मग तो लांडग्यांच्या गुहेच्या तोंडाशी येतो आणि आत मावत नाही. डोकं आणि खांदे आत, बाकी अंग बाहेर. तिथून तो लांडग्यांकडे आलेल्या माणसाच्या पिल्लावर, म्हणजे मोगलीवर, हक्क सांगतो, माझी शिकार मला द्या म्हणतो, आणि लांडगीण त्याला त्याच्या लंगडेपणावरून सुनावते.

एवढा अपमान झालेला प्राणी पुढे काय करेल? तुमचा बोका असता तर आरडाओरडा करून दात विचकले असते. शेरखान काय करतो, तर तरुण लांडग्यांना हाताशी धरतो. आपली उरलीसुरली शिकार त्यांना खाऊ घालतो. तुमच्यासारखे तगडे शिकारी एका म्हाताऱ्या लांडग्याचं आणि माणसाच्या पोराचं कसं काय ऐकतात बुवा, असं नवल करतो. वर्षानुवर्षं. हे वाचलं की मला आमच्या वॉर्डातले दोन-तीन भाऊ आठवतात, नावं घेत नाही. पोट्ट्यांना तर्रीपोहे, गणपतीची वर्गणी, वाढदिवसाचा बॅनर. ओरडायची वेळच येत नाही.

याच पुस्तकात एक छोटीशी जागा आहे, मला ती सगळ्यात आवडते. मोगली गावात राहायला जातो तेव्हा बलदेव नावाचा फुशारक्या मारणारा शिकारी सांगतो की हा लंगडा वाघ म्हणजे मेलेल्या एका सावकाराचा आत्मा आहे. सावकाराचं नाव पूरणदास. दंगलीत लोकांनी त्याची खातेवही जाळली, त्या वेळी बसलेल्या फटक्याने तो लंगडायचा, म्हणून वाघही लंगडतो! पुस्तकात ही थाप म्हणूनच येते आणि मोगली तिला हसतो. पण मराठी माणसाला ही थाप हसून सोडता येत नाही. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते, ते आपण शाळेत शिकलोय. वहीतल्या आकड्याची भीती आपल्या लोकांना वाघाच्या पंजाइतकीच जवळची.

आणि सावकार कधी ओरडतो का हो? आमच्या आजोबांच्या गावी, काटोलकडे, एक होते. आजोबा सांगायचे, ते दारात यायचे, चप्पल बाहेर नीट जोडून ठेवायचे, पाणी मागायचे, पोरांची चौकशी करायचे. "यंदा संत्रा बरा आहे म्हणतात." एवढंच वाक्य. आजी आतल्या खोलीत हातातलं काम थांबवायची.

१९६७ च्या चित्रपटाने नेमकं हेच केलं. तिथे शेरखानचा पाय धडधाकट आहे. मूळ लंगडेपण काढून टाकलं, पण खोट ठेवली, तिची जागा बदलली. आता ती आगीच्या भीतीत आहे. बाकी सगळा सभ्यपणा. जॉर्ज सँडर्स या ऑस्करविजेत्या नटाचा आवाज, थोडा कंटाळलेला, थोडा खानदानी. त्याची आणि 'का' नावाच्या अजगराची भेट पुन्हा एकदा बघा. झाडावर 'का' लपलाय, मोगलीला विळख्यात घेऊन झोपवलंय. शेरखान खाली येतो आणि 'का'ची लोंबणारी शेपटी दारावरची घंटा ओढावी तशी ओढतो. मग चौकशी. अगदी अदबीने. बोलता बोलता एक नखी बाहेर काढतो आणि तिने 'का'ची हनुवटी वर उचलतो. मारत काहीच नाही. त्या संपूर्ण प्रसंगात कुणाला साधा ओरखडासुद्धा नाही, आणि तरी प्रेक्षक श्वास धरून बसतो. मजा अशी की अजगर स्वतः चित्रपटातला दुसरा व्हिलन, त्याला आपण आधी पोराला गिळायला निघालेलं पाहिलंय. तोच आता घाम पुसतोय. मोठा कोण हे सांगायला एक शब्द लागला नाही.

शेवटी तो मोगलीला पळायची संधी देतो. डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजतो. पोराशी लपाछपी खेळावी तसं. हे औदार्य नाही, ही मस्ती आहे, आणि लहान मुलाला हा फरक बरोबर कळतो.

मराठीत तर याला आयतं हत्यार आहे. तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजी लेखकाला सभ्यपणा दाखवायला नटाच्या आवाजावर भिस्त ठेवावी लागते, आपल्याला सर्वनाम बदललं की झालं. तुमचा बोका म्हणतो, "मी तुला सोडणार नाही!" असं आजवर कुणी म्हटलं नाही? त्याऐवजी तो पोत्यावर येऊन बसला, पंजा चाटला आणि त्या थरथरणाऱ्या उंदराला म्हणाला, "बसा. आपलं जेवण झालं का?" बघा काय होतं. मी ही ओळ वर्गात म्हणून दाखवली तर मागच्या बाकावरचा एक पोट्टा म्हणाला, "बाप्पा, सर, हा तं खाऊनच टाकते आता." हौ. तेच पाहिजे.

अकराव्या सेकंदाच्या एंट्रीबद्दल. डिस्नेचा चित्रपट निम्म्याहून जास्त सरतो तेव्हा कुठे शेरखान दिसतो. तोवर फक्त त्याचं नाव. लांडग्यांची सभा भरते ती तो परत आलाय म्हणून, बगीरा हा काळा बिबट्या पोराला घेऊन निघतो तो त्याच्यामुळे. नाव ऐकून ऐकून प्रेक्षकाने मनात आपापला वाघ रंगवलेला असतो.

याची शिकवणी घ्यायची तर पेंचच्या जंगलात जा. सिल्लारी गेटने जा नाहीतर मध्य प्रदेशातल्या तुरिया गेटने. सकाळच्या थंडीत जिप्सी एखाद्या वळणावर उभी राहते आणि गाइड हात वर करतो. "कॉल आहे." चितळ ओरडतंय. पाच मिनिटं जातात. चितळ चुकतं कधीकधी, गाइड त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. मग वरून वानराची खकखक. मग सांबर. सांबराचा तो घोगरा, एकच ठोका. गाइडचा चेहरा बदलतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. जिप्सीत कुणी हलत नाही. वाघ अजून दिसलेला नाही, कदाचित दिसणारही नाही, पण तुमच्या पोटात तो येऊन बसलेला असतो. हलके साक्षीदार आधी, भरवशाचा साक्षीदार शेवटी. पटकथा लिहिणाऱ्याने याहून जास्त काय शिकायचं? तुमच्या फिल्ममध्ये आधी चिल्लीपिल्ली उंदरं घाबरू देत, प्रेक्षक म्हणेल ही भित्रीच आहेत. मग तो जाडा, निबर, कुणाला न जुमानणारा म्हातारा उंदीर दाणा तोंडात धरून थिजू दे.

आणि दिसल्यावर? खरा वाघ रस्त्यावर आला की तुमच्याकडे बघत नाही. हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. सहा जिप्सी, तीस माणसं, तोफांसारखे कॅमेरे, आणि तो आपल्यातून आरपार बघत पलीकडे जातो. बोका प्रत्येक उंदराकडे डोळे वटारून बघतो. कशाला? मालक गडीमाणसांकडे असा बघत फिरतो का?

आता चालीबद्दल थोडं बारकाईने, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि इथे मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय.

मुंबईच्या त्या स्टुडिओत एका जाहिरातीसाठी वाघ चालवायचा होता. फक्त चार सेकंद. मला वाटलं, सोपं. वाघ म्हणजे मोठं मांजर. मी चारही पाय छान उचलले, शेपटी हलवली, डोकं वरखाली केलं. लाइटबॉक्सवर कागद भरभर उलटून पाहिले तर वाघ दिसेना, वाघाचं कातडं पांघरलेला घोडा दिसत होता. वरिष्ठ काही बोलले नाहीत, कागदांची चळत परत माझ्या टेबलावर ठेवली. त्याच्या पुढच्या सुट्टीत नागपूरला आलो आणि तीन सकाळी महाराजबागेत पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसलो. शेंगदाणेवाला पहिल्या दिवशी हसला, तिसऱ्या दिवशी त्याने स्टूल आणून दिलं.

पिंजऱ्यातली वाघीण एकाच रेषेत येरझारा घालत होती, ते बघवत नाही, पण चित्रकाराला त्यातून एकच हालचाल शंभरदा बघायला मिळते. दुसऱ्या दिवशी कळलं की मी चुकीच्या जागी बघत होतो. पायांकडे. वाघाची चाल पायात नसतेच, खांद्यात असते. पुढचा पाय जमिनीवर टेकून त्यावर भार आला की त्या बाजूचं खांद्याचं हाड पाठीच्या रेषेच्या वर येतं. मग ते खाली जातं आणि दुसरं वर येतं. पोत्याच्या आत कुणीतरी आळीपाळीने मुठी वर करतंय असं. आणि या सगळ्या उलथापालथीत डोकं मात्र स्थिर. एका उंचीवर. डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला तर सांडणार नाही. अंग हलतंय आणि नजर हलत नाही, यातच सगळी दहशत आहे. मी डोकं वरखाली केलं होतं, म्हणून घोडा झाला.

शेरखानचं काम डिस्नेकडे मिल्ट काल यांच्याकडे होतं, त्यांच्या जुन्या नऊ दिग्गजांपैकी एक. त्यांचा शेरखान चालताना थांबवा आणि खांदे बघा. ते हाड वर येतं, खाली जातं, डोकं तरंगत पुढे जातं. माणसाची साधी चाल बारा फ्रेमला, म्हणजे अर्ध्या सेकंदाला, एक पाऊल या हिशेबाने काढायची पद्धत आहे; हा त्याहून सावकाश पावलं टाकतो. घाई नाही. सगळं जंगल वाट बघेल याची खात्री असलेल्याची चाल.

त्यात पट्टे! हाताने काढायच्या काळात पट्टेवाला प्राणी म्हणजे निर्मात्याच्या खिशाला भोक. सेकंदाला चोवीस फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी बारा चित्रं. दहा सेकंद वाघ चालवा, एकशेवीस चित्रं झाली. एका चित्रात तीसच पट्टे धरा, तरी तीन हजार सहाशे पट्टे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या चित्रातल्या जागेशी जुळायला हवा, नाहीतर पट्टे अंगावर मुंग्यांसारखे सरपटतात. माझे सरपटले होते. डिस्नेने १९६१ च्या ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या चित्रपटापासून झेरॉक्सचं तंत्र आणलं, पेन्सिलीची रेघ थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर, उतरू लागली, शाईने पुन्हा गिरवायचं काम वाचलं. पट्टे मात्र पेन्सिलीने काढावेच लागत. त्या तंत्रामुळे शेरखानच्या कडेला जी थोडी खरखरीत, जिवंत रेघ दिसते ती कलाकाराच्या हाताची आहे. आज सगळं गुळगुळीत करायची सोय असताना माझे विद्यार्थी मुद्दाम तशी रेघ सोडतात, मला बरं वाटतं.

पट्ट्यांचीही एक गोष्ट किपलिंगने दुसऱ्या भागात सांगितली आहे. दुष्काळात सगळे प्राणी नदीवर तह करून पाणी पितात तेव्हा हाथी नावाचा म्हातारा हत्ती सांगतो की पहिल्या वाघाला पट्टे नव्हतेच. त्याच्या हातून पहिला खून झाला आणि पळताना झाडावेलींनी त्याच्या अंगावर खुणा ओढल्या. म्हणजे ज्याला आपण वाघाचा डौल म्हणतो ते त्याचं आरोपपत्र! खोट आणि ऐट इथे एकाच कातडीवर आहेत.

आवाजावर फार बोलत नाही, कारण तुमच्याकडे नट अजून ठरायचाय असं दिसतं. एवढंच, की दूरदर्शनवरच्या हिंदी शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता आणि २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही पुन्हा त्यांचाच. आमच्या पिढीला शेरखान म्हटलं की डोळ्यांआधी कान आठवतात. नानांचं बोलणं ऐका. वाक्य नको तिथे तुटतं. मधे एक पोकळी येते आणि समोरच्याला कळत नाही, संपलं की अजून आहे. हास्याचा गडगडाट काढून त्या पोकळ्या ठेवा. मराठी पडद्यावर निळू फुल्यांनी हेच वेगळ्या वाटेने केलं. आवाज खाली, खालून वर बघणं, सावकाश. आणि माणूस म्हणून ते किती सज्जन होते हे सांगताना लोक आजही थकत नाहीत.

मग प्रश्न पडतो, आपल्याच गोष्टींमधला वाघ असा का टिकला नाही? भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ आपण सगळ्यांनी ऐकलाय. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग तू मला खा. तो बिचारा मान डोलावतो आणि वाट बघत बसतो. गोष्ट अमर आहे, म्हातारी अमर आहे, टुणुक टुणुक अमर आहे. वाघ कुणाला आठवत नाही. त्याला साधं नाव नाही! त्याला फक्त भूक आहे, आणि भूक कुणालाही खाऊन भागते. शेरखानला नाव आहे, खान ही पदवी आहे आणि त्याला कुणीही चालत नाही, त्याला तोच मोगली हवा. भुकेला वाघ पोट भरलं की निघून जातो. अपमान झालेला वाघ दहा वर्षं थांबतो. तुमच्या बोक्याला नेमका कुठला उंदीर हवा आहे आणि का, हे फिल्ममध्ये कुठेच नाही.

पोरांना व्हिलन का आवडतो याचं उत्तर नागपूरकराला खरं तर बाहेर शोधायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत या. तुमची फिल्म तिथलीच आहे म्हणताना तर याच. पुतळ्यांची मिरवणूक असते: काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडगे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" बापाच्या खांद्यावर बसलेलं चार वर्षांचं पोर त्या कागदी राक्षसिणीला बघून आधी तोंड लपवतं, मग बोटांच्या फटीतून बघतं, मग म्हणतं, अजून जवळ चला. संध्याकाळी तिला जाळणार आहेत हे त्याला माहीत असतं, म्हणूनच तर ते धीट होतं. माझ्या डोक्यात मात्र दरवर्षी दुसरी गोष्ट येते. बडगे दरवर्षी नवे असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईचे, घोटाळ्यांचे, पुढाऱ्यांचे. मागच्या वर्षीचा एक बडगा सांगा म्हटलं तर सांगता येत नाही. मारबती शंभर वर्षांहून जास्त काळ त्याच. तुमच्या बोक्याच्या गळ्यात जो मोबाइल आणि काळा गॉगल घातलाय ना, तो बडगा आहे. काढा.

एक गोष्ट मात्र मलाही अजून नीट सोडवता आलेली नाही. शेरखानची तक्रार निम्मी खरी आहे. माणूस जंगलात आग आणतो, बंदूक आणतो, हे तो खोटं बोलत नाही. २०१६ च्या चित्रपटात तर त्याचा अर्धा चेहरा जळलेला आहे, मोगलीच्या बापाने मशाल मारली म्हणून. आणि हे आपण नागपुरात, वाघांची राजधानी म्हणून विमानतळापासून मिरवणाऱ्या गावात बसून बघतो. काही वर्षांपूर्वी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका शाळेत मी दोन दिवस चित्रांचा वर्ग घेतला. म्हटलं, सगळ्यांनी वाघ काढा. शहरातली पोरं वाघ पानभर काढतात, जबडा उघडा, दात बाहेर. इथे एका मुलाने आधी महुआचं झाड काढलं. खाली मोहफुलांची टोपली, आडवी पडलेली सायकल. वाघ कुठाय रे, विचारलं. त्याने पानाच्या अगदी कोपऱ्यात, झुडपामागे तीन रेघा दाखवल्या. तीनच. नाव विचारलं तर म्हणाला, "त्याले नाव नाही घेत सर, वाघोबा म्हणते आई." वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ही म्हण मी आयुष्यभर विनोदाने वापरत आलो होतो. त्या दिवसानंतर वर्गात वापरली नाही. ते चित्र माझ्याकडे आहे, आणि तेवढी भीती मला कुठल्याच स्टोरीबोर्डात आणता आलेली नाही.

तर तुमचा बोका. डोळ्यावरची खूण पुसा, ती फक्त सजावट आहे, तिने त्याचं काही अडत नाही. त्याऐवजी त्याचा एक कान बहिरा करा. लहानपणी गोदामात पोत्याखाली सापडला म्हणा, कारण तुमचं तुम्ही ठरवा. त्यामुळे तो नेहमी एका ठराविक बाजूने बसतो, उंदरांना वाटतं हा मालकाचा रुबाब आहे, आणि प्रेक्षकाला तिसऱ्या मिनिटाला कळतं की त्याला डावीकडून काही ऐकूच येत नाही. उंदरांना शेवटपर्यंत कळू देऊ नका, फक्त त्या निबर म्हाताऱ्याला कळू द्या. एंट्री दोन मिनिटांच्या पुढे ढकला. संवाद निम्मे करा, उरलेल्यांत तू च्या जागी आपण घाला.

आणि चाल पुन्हा काढा. संगणक नंतर, आधी कागदावर, पेन्सिलीने, फक्त पाठीची रेघ आणि दोन खांदे. बारा चित्रं पुरतील. इतवारीत बोक्यांना तोटा नाही, किराण्याच्या दुकानासमोर सकाळी सातच्या आत गेलात तर एखादा भरल्या पोटाचा, संथ चालणारा नक्की भेटेल. कागद मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका, रेघ कळत नाही. घेऊन या.